कुंडीवरील डाग आणि कुंडीतील दोष

(परिसर अभ्यास व सामान्य विज्ञान यांचा निरीक्षणपाठ. इयत्ता ४ थी ते ७ वी. तासिका तीन, व आठवडाभराचे निरीक्षण.)

प्रास्ताविक

शाळेची परसबाग उभी करताना मातीच्या कुंड्या आणण्याचा प्रसंग प्रत्येक शिक्षकास केव्हा ना केव्हा येतो. कुंड्या गाडीतून उतरल्या की मुले त्यांची आपोआप दोन गटांत विभागणी करू लागतात. ज्या सर्वांगी सारख्या लाल आहेत त्या एकीकडे, आणि ज्यांच्या पोटावर काळा पट्टा आहे, कड पिवळसर आहे किंवा अंगावर बारीक खड्डे आहेत त्या दुसरीकडे. एखादा मुलगा मोठ्याने म्हणतो, “या डागी आहेत.” अशा वेळी शिक्षकाने काय करावे?

पुष्कळदा दोनपैकी एक गोष्ट होते. ‘डागी’ कुंड्या परत पाठविल्या जातात किंवा त्यांचे मोल कमी केले जाते. नाहीतर साऱ्या कुंड्यांना एकाच रंगाचा तैलरंग फासून सारखेपणा आणला जातो. दोन्हींत परीक्षा न करताच निकाल दिलेला असतो. शिवाय लहान गावच्या शाळेत त्या कुंभाराचेच मूल वर्गात बसलेले असण्याचा संभव असतो. ‘डागी’ हा शब्द त्याच्या कानावर पडतो, आणि त्याच्या घरची विद्या सर्वांच्या देखत उणी ठरते. म्हणून तिसरा मार्ग पत्करावा. कुंड्या परतही पाठवू नयेत, रंगवूही नयेत. त्यांवरच पाठ घ्यावा. कोणती खूण निरुपद्रवी आणि कोणती खरोखरीच दोषाची, हे मुलांनी स्वतः पारखून ठरवावे.

पाठाची उद्दिष्टे

१. मातीच्या भांड्याच्या पृष्ठभागावरील फरक माती, आग आणि पाणी या तीन कारणांनी पडतात, हे मुलांनी निरीक्षणाने जाणावे.
२. डाग आणि दोष यांतील भेद परीक्षेने ठरविण्याची सवय मुलांस लागावी.
३. गावातील कुंभारकामामागे असलेल्या ज्ञानाविषयी मुलांच्या मनात यथार्थ आदर निर्माण व्हावा.

साहित्य

नव्या व जुन्या कुंड्या, जुना माठ, फुटलेल्या मडक्यांची खापरे, वाळलेल्या कच्च्या मातीचा एक तुकडा, लिंबू, पाण्याची बादली, तराजू, पट्टी, भिंग.

शिक्षकांसाठी विषयज्ञान

(अ) मातीची खूण

मारेगावचा परिसर वर्धा नदीच्या खोऱ्यात मोडतो. येथील काळी माती मुख्यतः काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बेसाल्टच्या, झिजेपासून झालेली आहे. पावसाळ्यात ती फुगते व उन्हाळ्यात आटून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे शेतकऱ्याच्या मुलास सांगावे लागत नाही. कपाशीस मानवणारा हा गुण कुंभारास मात्र अडचणीचा ठरतो. निव्वळ काळ्या मातीचे भांडे केले तर ते वाळतानाच तडकण्याचे भय असते. म्हणून कुंभार तळ्याच्या किंवा नदीनाल्याच्या काठची चिकण माती निवडतो, आणि तिच्यात वाळू, राख अथवा घोड्याची लीद मिसळून तिचे आटणे आवाक्यात आणतो. लिदीतील काड्या भट्टीत जळून जातात; त्यांच्या जागी बारीक छिद्रे उरतात. नव्या कुंडीवर दिसणाऱ्या बारीक रेघोट्या व टिपके पुष्कळदा या जळालेल्या काड्यांच्याच जागा असतात. त्या दोषाच्या नव्हेत.

चुनखडीची गोष्ट मात्र निराळी आहे. मारेगावच्या पूर्वेस वणी-राजूर भागात चुनखडीचा दगड आहे, आणि काळ्या मातीतही चुनखडीचे पांढरे खडे सापडतात. असा खडा मातीत राहून गेला व भांडे भाजले, तर भट्टीच्या उष्णतेने त्यातील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि खड्याचा कळीचा चुना बनतो. भांडे थंड झाल्यावर हा चुना हवेतील ओलावा शोषून घेतो, फुगतो आणि वरचा पापुद्रा उडवून देतो. खड्डा पडतो व त्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसतो. हे भट्टीतून काढल्याबरोबर घडेलच असे नाही; कित्येकदा काही दिवसांनी, दमट हवा सुटल्यावर घडते. खडा बारीक असेल तर कुंडीचे काही बिघडत नाही. मोठा असेल तर तिला तडा जाऊ शकतो. जाणता कुंभार म्हणूनच माती चाळून अथवा पाण्यात कालवून गाळून घेतो.

(आ) आगीची खूण

वाळलेले कच्चे भांडे पाण्यात टाकले की पुन्हा त्याचा चिखल होतो. भाजलेल्या भांड्याचा होत नाही. हा फरक आगीने पडतो. आरंभी मातीतील उरलासुरला ओलावा निघून जातो. पुढे सुमारे ४५० ते ६०० अंश सेल्सिअस तापमानाच्या दरम्यान मातीच्या कणांत रासायनिक रीतीने बांधलेले पाणीही सुटते, आणि मग ती माती पुन्हा लवचीक होत नाही. गावठी आव्यात साधारणपणे ६०० ते ९०० अंशांच्या दरम्यान भांडी भाजली जातात. चिनी मातीच्या भांड्यांना याहून पुष्कळ अधिक उष्णता लागते. म्हणून ती घट्ट व पाणी न झिरपणारी होतात, आणि कुंडी सच्छिद्र राहते.

लाल रंगाचे मूळ मातीतील लोहात आहे. भाजताना भरपूर हवा मिळाली तर लोहाचा प्राणवायूशी पुरता संयोग होतो व माती लाल होते. गंजलेल्या खिळ्याचा तांबूस रंगही लोह व प्राणवायू यांच्याच संयोगाचा असतो. याउलट धूर कोंडला आणि हवा अपुरी पडली, तर लोहाचा रंग काळपट होतो व धुरातील काजळीही मातीच्या छिद्रांत मुरते. एकाच आव्यात काही भांडी कडेला, काही मध्यभागी, काही एकमेकांस टेकून रचलेली असतात. कोठे वारा लागतो, कोठे गोवरी अंगावरच पडून जळते. म्हणून एकाच मातीच्या, एकाच हाताने घडविलेल्या, एकाच दिवशी भाजलेल्या दोन कुंड्या तंतोतंत सारख्या निघत नाहीत. काळा पट्टा म्हणजे ती कुंडी आव्यात कोणत्या अंगाने टेकली होती याची नोंद होय.

फुटके खापर हाती घेऊन त्याची कड पाहावी. बाहेरून लाल आणि मध्यभागी काळी रेघ असे पुष्कळदा दिसते. मातीतील काडीकचऱ्याचा कार्बन पृष्ठभागाजवळ जळून गेला, पण आतपर्यंत हवा पोचण्याआधी आव विझला, असा त्याचा अर्थ. ही रेघ बारीक असेल तर हरकत नाही. खापर जवळजवळ सर्व जाडीभर काळे, मऊ व नखाने खरवडणारे असेल तर भाजणी अपुरी झाली असे समजावे.

काळा रंग हा नेहमीच अपघाताने येतो असेही नाही. विदर्भातील महापाषाण संस्कृतीच्या लोकांनी तो जाणूनबुजून आणला होता. नागपूर जिल्ह्यातील टाकळघाट-खापा येथे १९६८-६९ साली आणि माहुरझरी येथे १९७०-७२ या काळात डॉ. शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनने झाली. या संस्कृतीच्या स्थळांवर इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील काळी-तांबडी भांडी मिळतात. ती आतून व कडेला काळी आणि बाहेरून लाल असतात. भांडी पालथी ठेवून भाजली असता आत हवा पोचत नाही व बाहेर पोचते. त्यामुळे एकाच भांड्यास दोन रंग येतात, असे त्याचे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. आज ज्याला मुले डाग म्हणतात तो घडवून आणण्याची रीत याच प्रदेशात दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी ठाऊक होती.

(इ) पाण्याची खूण

कुंडी वापरात आली की तिसरी खूण उमटू लागते. कुंडीच्या बाहेरच्या अंगावर, विशेषतः तळाशी व कडेजवळ, पांढरी पुटे चढतात. मुले तिला बुरशी समजतात, किंवा कुंडी ‘सडली’ असे म्हणतात. वस्तुतः पाण्यात, मातीत व खतात विरघळलेले क्षार पाण्याबरोबर कुंडीच्या छिद्रांतून बाहेर येतात. पाणी वाफ होऊन उडून जाते आणि क्षार मागे राहतात. मारेगाव परिसरात उन्हाळा कडक व हवा कोरडी असल्याने ही क्रिया झपाट्याने होते. माठाचे पाणी गार होते ते याच झिरपण्यामुळे. बाहेर आलेले पाणी वाफ होताना माठाची व आतील पाण्याची उष्णता घेऊन जाते. जुना माठ पुढे पुढे पाणी गार करीत नाही, ही घरोघरची तक्रारही येथेच उलगडते. जड पाण्यातील चुना छिद्रांत साचून ती बुजतात.

येथे शिक्षकाने एक सावधगिरी अवश्य बाळगावी. पांढरे पूट पाण्यात क्षार आहेत एवढेच सांगते; ते पाणी पिण्यास योग्य की अयोग्य, हे सांगत नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या काही भागांतील भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळले आहे. फ्लोराइडला रंग, वास वा चव नसते, आणि पाणी उकळल्याने ते जात नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोत नसेल तरच १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. तेव्हा हातपंपाच्या पाण्याने कुंडीवर पूट चढले नाही म्हणून ते पाणी निर्दोष, असा निष्कर्ष मुलांना काढू देऊ नये. पाण्याची परीक्षा प्रयोगशाळेतच करवून घ्यावी, व त्यासाठी ग्रामपंचायतीकडे मागणी करावी. डागावरून किती कळते हे शिकवावे, तसेच किती कळत नाही हेही शिकवावे.

पाठाची मांडणी

पहिली तासिका : निरीक्षण. चार-पाच मुलांच्या गटास एक कुंडी व दोन-तीन खापरे द्यावीत. कुंडीचे चित्र काढून तिच्यावर दिसणारी प्रत्येक खूण योग्य जागी दाखविण्यास सांगावे. नंतर पुढील धर्तीचे प्रश्न विचारावेत.

काळा भाग कुंडीच्या एकाच बाजूस का?
खापराच्या कडेस किती रंग दिसतात? कोणता आत, कोणता बाहेर?
खड्ड्याच्या तळाशी काय दिसते?
नव्या व जुन्या कुंडीत कोणता फरक आहे?

उत्तरे लगेच दुरुस्त करू नयेत. मुलांचे तर्क जसेच्या तसे फळ्यावर लिहून ठेवावेत. ‘डागी’ हा शब्द कोणी उच्चारल्यास त्यास रागावू नये. तो शब्द फळ्यावर लिहून पुढे प्रश्नचिन्ह करावे.

दुसरी तासिका : परीक्षा. मुलांकडून पुढील चार परीक्षा करवून घ्याव्यात.

१. नादपरीक्षा : कुंडी तळव्यावर उचलून धरावी व बोटाच्या पेराने हलकेच ठोकावी. पक्की कुंडी ठणठणते. तडा गेलेली किंवा कच्ची राहिलेली बद्द वाजते. काळा पट्टा असलेली कुंडीही लाल कुंडीसारखीच ठणठणीत वाजते, हे मुलांनी स्वतःच्या कानांनी ऐकावे. पाठाचा सारा भर या एका क्षणावर आहे.

२. जलपरीक्षा : वाळलेल्या कच्च्या मातीचा तुकडा आणि भाजलेले खापर अशी दोन्ही पाण्यात रात्रभर ठेवावीत. सकाळी एकाचा चिखल झालेला व दुसरे जसेच्या तसे आढळते.

३. लिंबाची परीक्षा : जुन्या कुंडीवरील पांढऱ्या पुटावर लिंबाच्या रसाचे दोन-तीन थेंब टाकावेत. बारीक बुडबुडे उठले तर पुटात चुन्याचा क्षार आहे. बुडबुडे न उठता साध्या पाण्यानेच पूट विरघळले तर दुसरे क्षार आहेत. हिरवा थर असेल तर ते शेवाळ होय.

४. वजनपरीक्षा : कोरडी कुंडी तोलावी, दिवसभर पाण्यात बुडवून ठेवावी, पुसून पुन्हा तोलावी. समजा, कोरडी कुंडी १६०० ग्रॅम व भिजलेली १८०० ग्रॅम भरली, तर तिने २०० ग्रॅम, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या १२.५ टक्के पाणी शोषले.

परीक्षा आटोपल्यावर फळ्यावर दोन रकाने करावेत व प्रत्येक खूण कोठे लिहावयाची ते मुलांनीच सांगावे. साधारणपणे ‘डाग’ या रकान्यात काळा पट्टा, फिकट-गडद लाली, बोटांच्या व चाकाच्या रेघा, काड्यांच्या जागा आणि पांढरे पूट येईल. ‘दोष’ या रकान्यात आरपार तडा, बद्द नाद, नखाने खरवडणारे अंग आणि चुन्याच्या मोठ्या खड्याने उडालेला पापुद्रा येईल. दोष असलेली कुंडी परत करण्यास कुंभाराचीही हरकत नसते. डागासाठी मोल पाडणे मात्र अन्यायाचे होय.

तिसरी तासिका : कुंभाराची भेट. गावात अथवा शेजारच्या गावी कुंभार असल्यास त्यांस शाळेत निमंत्रण द्यावे. त्यांस शिक्षकाच्या शेजारी खुर्ची द्यावी व मुलांनी ‘काका’ म्हणून संबोधून प्रश्न विचारावेत. माती कोठून आणता, तिच्यात काय मिसळता, पाऊस आला तर आव कसा राखता, शंभर भांड्यांत किती फुटतात, असे प्रश्न मुलांनी आधी लिहून ठेवावेत. त्यांचे मूल वर्गात असल्यास त्यास मदतनीस म्हणून उभे करावे; परंतु ते संकोचत असेल तर आग्रह धरू नये. आव पाहण्यास मुलांस न्यावयाचे असेल तर तो पूर्ण निवाल्यानंतरच न्यावे.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघाच्या द्वारे कुंभारकामाच्या सुधारणेसाठी व प्रशिक्षणासाठी मोठे कार्य उभे केले. कुंभारकाम हे शास्त्र म्हणून शिकता व शिकविता येते याचे ते जवळचे उदाहरण आहे. वर्गात त्याचा उल्लेख अवश्य करावा.

अन्य विषयांशी समवाय

गणित : ओल्या मातीच्या वडीवर १० सेंटिमीटर लांबीची रेघ ओढावी व वडी सावलीत वाळू द्यावी. आठवड्याने रेघ पुन्हा मोजावी. ती ९.२ सेंटिमीटर भरली तर माती ८ टक्के आटली. निव्वळ काळ्या मातीची व वाळू मिसळलेल्या मातीची अशा दोन वड्या करून तुलना करावी.

भाषा : गाडगे, मडके, माठ, रांजण, घागर, सुगड, पणती, परळ, कुंडी, खापर या शब्दांचा संग्रह करवून घ्यावा व कोणते भांडे कोणत्या सणास वा कामास लागते ते लिहवून घ्यावे. कोलाम व गोंड मुले वर्गात असतील तर त्यांच्या घरच्या बोलीतील शब्द त्यांच्याच तोंडून ऐकून फळ्यावर मराठी शब्दाशेजारी लिहावेत.

इतिहास : तेरचे संत गोरोबाकाका यांची परंपरेने चालत आलेली कथा सांगावी. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी आपले थापटणे घेऊन जमलेल्या संतांची मस्तके तपासली व नामदेवांस कच्चे मडके ठरविले, अशी ती कथा आहे. गोरोबाकाकांनी कोणाच्या रूपावरून निर्णय दिला नाही, ठोकून पाहिले, एवढी गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्यावी. नादपरीक्षा केलेल्या वर्गास तिचा अर्थ निराळा उलगडून सांगावा लागत नाही.

कार्यानुभव : कुंड्यांस तैलरंग देऊ नये. त्याने छिद्रे बुजतात, मुळांना हवा कमी मिळते, आणि आतून येणारे क्षार काही दिवसांनी रंगाचे पोपडे काढतात. राष्ट्रीय सणाच्या निमित्ताने कुंड्या सुशोभित करावयाच्या असतील तर गेरू पाण्यात कालवून हलका हात द्यावा. पांढरे पूट नको असेल तर कुंडी रिकामी झाल्यावर काथ्याने घासून पाण्यात भिजवावी. रोपे लावण्यापूर्वी नवी कुंडीही काही तास पाण्यात ठेवावी. नाहीतर ती रोपाच्या वाट्याचे पाणी आधी स्वतःच पिते.

दक्षता

कळीचा चुना मुलांच्या हाती कदापि देऊ नये. तो डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. खापरांच्या धारदार कडा आधी घासून बोथट कराव्यात. वजनपरीक्षेसाठी कुंडी उचलताना दोन मुलांनी मिळून उचलावी.

स्वाध्याय

१. घरातील एका मातीच्या भांड्याचे चित्र काढून त्यावरील खुणांची कारणे लिहा.
२. एकाच आकाराच्या दोन कुंड्यांत सारखे रोप लावा. एकीस हातपंपाचे व दुसरीस साठविलेले पावसाचे पाणी घाला. एका महिन्याने कोणत्या कुंडीवर अधिक पूट चढले ते पाहा.
३. घरी आजी-आजोबांना विचारा : मडके विकत घेताना ते कसे पारखीत?

समारोप

१९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण हा विचार देशापुढे मांडला. वर्धा हा यवतमाळचा शेजारचाच जिल्हा. त्या विचाराचे पुढे जे काही झाले असेल ते असो. गावातील एखादे काम समोर ठेवून विज्ञान, गणित व भाषा शिकविता येतात, हे आजही कोणतीही शाळा चार कुंड्यांच्या आधाराने दाखवू शकते.

पाठ संपल्यावर फळ्यावरील ‘डागी’ या शब्दाकडे वर्गाने पुन्हा वळावे. तो खोडावा की ठेवावा, हे मुलांनीच ठरवावे. ठेवावयाचा ठरला, तर कोणत्या कुंडीस तो लागू आहे व कोणत्या परीक्षेवरून, हे त्यांनी सांगितले पाहिजे. परीक्षा केल्यावाचून कोणासही नाव ठेवावयाचे नाही, ही सवय कुंडीपासून लागली तरी ती कुंडीपाशीच थांबत नाही. शिक्षकानेही आपले हजेरीपत्रक उघडताना तिचे स्मरण ठेवावे.